चीन आणि भारत : दोन श्रमशक्तींची मोजणी

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार 2023 सालच्या एप्रिल महिन्यात भारताची लोकसंख्या चीनच्या पुढे गेली, तेव्हा दोन्ही देशांतील माणसांची संख्या 142 ते 143 कोटींच्या दरम्यान, म्हणजे जवळपास सारखीच होती. परंतु काम करणारी आणि काम शोधणारी माणसे तेवढी मोजली, तर त्याच वर्षी चीन भारताच्या बराच पुढे असल्याचे दिसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजांवरून चीनची श्रमशक्ती तेव्हा सुमारे 78 कोटी, तर भारताची सुमारे 59 कोटी भरते. लोकसंख्या सारखी असूनही पडलेले हे 19 कोटींच्या आसपासचे अंतर कोठून आले, गेल्या सत्तर वर्षांत ते कधी वाढले व कधी घटले, आणि या चढउतारांतला खरा बदल किती व मोजणीच्या पद्धतीने घडवलेला किती, हे पाहू गेल्यास दोन्ही देशांच्या आकडेवारीच्या इतिहासातच शिरावे लागते.

श्रमशक्ती म्हणजे एका ठरावीक वयावरील अशा माणसांची बेरीज, की जी उत्पन्नाचे एखादे काम करीत आहेत, किंवा काम नसले तरी ते शोधत आहेत आणि मिळाल्यास करण्यास तयार आहेत. त्यामुळे बेरोजगार मनुष्य श्रमशक्तीत मोडतो, पण विद्यार्थी, निवृत्त मनुष्य आणि केवळ घरकाम करणारी स्त्री तिच्या बाहेर राहते. त्या वयाच्या एकूण माणसांपैकी शेकडा किती जण श्रमशक्तीत आहेत, हे सांगणाऱ्या प्रमाणाला सहभाग दर म्हणतात. लोकसंख्या, तिच्यातील कामाच्या वयाच्या माणसांचे प्रमाण आणि सहभाग दर या तिहींच्या गुणाकाराने श्रमशक्तीचा आकडा ठरतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात आणि ते बरोबरही आहे. मात्र प्रगणकाने दारात उभे राहून नेमका कोणता प्रश्न विचारला, हा चौथा घटक त्यांत बहुधा येत नाही, आणि चीन व भारत यांच्या बाबतीत काही दशकांत या चौथ्या घटकाने पहिल्या तिहींवर मात केलेली आहे.

प्रारंभीचे आकडे असे आहेत. चीनच्या अधिकृत मालिकेत 1952 साली काम करणाऱ्यांची संख्या 20 कोटी 73 लाख, म्हणजे तेव्हाच्या साडेसत्तावन्न कोटी लोकसंख्येच्या शेकडा 36 दिली आहे. भारताच्या 1951 च्या जनगणनेत 36 कोटी लोकांपैकी सुमारे 14 कोटी, म्हणजे शेकडा 39 कामकरी आढळले. चीनचा आकडा भारताच्या दीडपट होता, पण लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता किंचित जास्त माणसे भारतातच काम करीत होती, असा या आकड्यांचा सरळ अर्थ होतो. चाळीस वर्षांनंतर चित्र अगदी वेगळे झाले: 1991 साली चीनमध्ये 65 कोटींहून अधिक आणि भारतात 31 कोटी 40 लाख, म्हणजे चीनची संख्या भारताच्या दुपटीहून जास्त. लोकसंख्येच्या वाढीने या बदलाचा उलगडा होत नाही, कारण त्या काळात भारताची लोकसंख्या चीनपेक्षा अधिक वेगाने वाढत होती आणि एवढ्या कारणाने अंतर कमीच व्हायला हवे होते.

उलगड्याचा एक भाग चीनच्या मालिकेतील 1989 आणि 1990 या दोन लगतच्या वर्षांत दडलेला आहे. 1989 साली काम करणाऱ्यांची संख्या 55 कोटी 33 लाख होती आणि 1990 साली ती 64 कोटी 75 लाख झाली. एका वर्षात 9 कोटी 42 लाखांची, म्हणजे शेकडा 17 ची वाढ. जगातल्या कोणत्याही देशाला एका वर्षात एवढी माणसे कामाला लावता आलेली नाहीत, आणि 1990 हे वर्ष तर चीनच्या अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने मंदच होते. वाढ झाली ती मोजणीत. त्याआधीची संख्या सरकारी उद्योग, सामुदायिक संस्था आणि ग्रामीण प्रशासन यांच्याकडून वर जाणाऱ्या अहवालांच्या बेरजेतून तयार होत असे, त्यामुळे ज्याची नोंद कोणत्याही संस्थेच्या पटावर नाही, असा फिरता मजूर, छोटा दुकानदार किंवा शेतावर अधूनमधून राबणारा वृद्ध त्या बेरजेतून निसटत असे. 1990 च्या चौथ्या जनगणनेत मात्र घराघरांतून माणूस मोजला गेला आणि थोडेसे काम करणाराही कामकरी धरला गेला. चीनच्या सांख्यिकी विभागाने 1990 पासूनची मालिका जनगणनेशी जुळवून घेतली, पण मागील वर्षांचे आकडे तसेच ठेवले. परिणामी त्या देशाच्या रोजगाराचा दीर्घकालीन आलेख काढणाऱ्यास मधोमध एक उभी भिंत लागते, आणि ती भिंत न पाहता 1978 ते 2000 या काळातील रोजगारवाढीची सरासरी काढणारे लेखन आजही आढळते, ही आश्चर्याचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

भारताच्या मालिकेतही अशीच एक भिंत आहे, फक्त ती उलट्या दिशेची आहे. 1961 च्या जनगणनेत 18 कोटी 87 लाख कामकरी मोजले गेले होते. त्यानंतरच्या दहा वर्षांत लोकसंख्या जवळजवळ शेकडा 25 ने वाढली, तरीही 1971 च्या जनगणनेत कामकऱ्यांची संख्या सुमारे 18 कोटींवर उतरली. पुरुष कामकरी कमी झाले नव्हते, वाढलेच होते. नाहीशा झाल्या त्या स्त्रिया. त्यांची संख्या जवळजवळ 6 कोटींवरून सुमारे 3 कोटी 13 लाखांवर आली. 1961 साली शेतीसारख्या हंगामी कामाच्या बाबतीत हंगामाचा बराच भाग दिवसाला तासाभराहून अधिक नियमितपणे राबणारी व्यक्ती कामकरी मानली गेली होती, तर 1971 साली प्रत्येकाला आधी मुख्य व्यवसाय विचारण्यात आला. घरातल्या कर्त्या पुरुषाने प्रगणकाला उत्तर देताना बायको घर सांभाळते एवढेच सांगितले, की तिची निंदणी, खुरपणी, मळणी आणि गुरांचे काम दुय्यम ठरत असे आणि ती कामकऱ्यांच्या गणतीतून वगळली जात असे. यानंतर थोड्याच काळात महाराष्ट्रात 1972-73 चा दुष्काळ पडला आणि 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे 50 लाखांवर पोचली. त्यांत खडी फोडणाऱ्या व मातीच्या पाट्या वाहणाऱ्या स्त्रियांचा भरणा मोठा होता. पुढे रोजगार हमी योजनेच्या कामांवरही हेच दिसून आले. मजुरी देणारे काम गावाजवळ उपलब्ध झाल्याबरोबर ज्या स्त्रिया हजेरीपटावर आल्या, त्यांतल्या कित्येकींची जनगणनेत गृहिणी म्हणून नोंद झालेली असणार, हे उघड आहे.

जनगणनेच्या अशा चंचल आकड्यांपेक्षा भारतात नमुना पाहणीचा मार्ग अधिक विश्वासाचा मानला गेला. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ मो. ला. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने 1970 साली असे मत दिले, की भारतासारख्या शेतीप्रधान आणि स्वयंरोजगारावर चालणाऱ्या देशात रोजगार व बेरोजगारी यांचा एकच ठोकळ आकडा सांगणे अर्थपूर्ण ठरत नाही. त्या विचारातून 1972-73 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून एकाच माणसाची स्थिती वेगवेगळ्या कालावधींच्या संदर्भात तपासण्याची पद्धत रुळली. मागील पूर्ण वर्षात तो बहुतेक काळ काय करीत होता, मागील आठवड्यात त्याने निदान तासभर काम केले का, आणि त्या आठवड्यातील प्रत्येक दिवशी त्याची स्थिती काय होती, असे हे तीन संदर्भ होत. वर्षाच्या संदर्भातील प्रश्नाला एक जोडप्रश्नही आहे: मुख्य स्थिती काहीही असो, वर्षभरात 30 दिवसांहून कमी नाही एवढे दुय्यम काम झाले असेल तर तेही धरावे. भारतातील स्त्रियांच्या सहभागाचा दर बऱ्याच अंशी या जोडप्रश्नावर अवलंबून राहतो. चीनमध्ये 16 वर्षांवरील ज्या व्यक्तीने संदर्भ आठवड्यात उत्पन्नासाठी तासभर काम केले ती कामकरी, असा सरळ निकष आहे. भारतात वयाची मर्यादा सामान्यतः 15 वर्षे धरतात. म्हणजे दोन्ही देशांच्या स्वतःच्या आकड्यांत वय, कालावधी आणि कामाची किमान मात्रा या तिन्ही बाबतींत फरक आहे, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे अंदाज हा फरक पुसून काढण्याचा प्रयत्न करतात म्हणूनच तुलनेसाठी ते घ्यावे लागतात.

त्या अंदाजांत एक गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. चीनच्या श्रमशक्तीत स्त्रियांचे प्रमाण शेकडा 45 च्या आसपास आहे, भारतात ते शेकडा 30 हूनही थोडे कमी आहे. हे प्रमाण वर दिलेल्या 78 आणि 59 कोटींना लावून पाहिले, तर चीनमध्ये सुमारे 43 कोटी पुरुष आणि 35 कोटी स्त्रिया, तर भारतात सुमारे 42 कोटी पुरुष आणि 17 कोटी स्त्रिया असा हिशेब मिळतो. पुरुषांपुरती पाहता दोन्ही देशांची श्रमशक्ती आजच जवळपास समान झालेली आहे; चीनची लोकसंख्या अधिक वयस्क असल्याने 15 वर्षांवरील पुरुष तेथे जास्त आहेत, पण भारतातील पुरुषांचा सहभाग दर अधिक असल्याने ते अंतर भरून निघते. उरलेले जवळजवळ सगळे अंतर स्त्रियांचे आहे. चीनची कामगारसंख्या भारतापेक्षा मोठी असण्याचे कारण म्हणून तेथील कारखाने, बंदरे आणि निर्यात यांचा उल्लेख सर्रास केला जातो, परंतु संख्येच्या दृष्टीने पाहिल्यास भारतीय स्त्रीचे काम हाच या तुलनेतील निर्णायक घटक ठरतो.

चीनमधील स्त्रिया एवढ्या मोठ्या संख्येने श्रमशक्तीत कशा आल्या, याचे मूळ 1950 च्या दशकातील सामुदायिक शेतीत आहे. कम्यूनमध्ये प्रत्येक सक्षम प्रौढाच्या नावावर कामाचे गुण मांडले जात आणि वर्षअखेरीस धान्य व रोकड यांची वाटणी त्या गुणांवर होत असे. स्त्रीला त्याच कामासाठी पुरुषापेक्षा कमी गुण मिळत, पण तिचे नाव वहीत असे. भारतातील कुटुंबाच्या शेतीवर अशी वही नव्हती. शहरांतही सरकारी कारखान्यांत नोकरी, घर आणि पाळणाघर एकाच ठिकाणाहून मिळण्याची सोय असल्याने विवाहित स्त्रीने काम सोडण्याचे कारण उरले नाही. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी उद्योगांची फेररचना झाली, कोट्यवधी कामगार घरी बसले आणि त्यांत पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांवर पहिली कुऱ्हाड कोसळली. तेव्हापासून चीनमधील स्त्रियांचा सहभाग दर सातत्याने उतरत गेला. 1990 साली 70 टक्क्यांच्या वर असलेला हा दर आता 60 टक्क्यांच्या आसपास आहे. त्याच काळात शहरांतील नोंदणीकृत बेरोजगारीचा अधिकृत दर मात्र कमालीचा स्थिर राहिला, कारण गावातून आलेला मजूर त्या नोंदणीच्या कक्षेतच नव्हता. अशा स्थलांतरित ग्रामीण कामगारांची संख्या 2024 साली 29 कोटी 97 लाख होती. चीनची सांख्यिकी यंत्रणा गैरसोयीच्या आकड्यांबाबत किती हळवी आहे, हे 2023 च्या जूनमध्ये तरुणांतील बेरोजगारी 21.3 टक्क्यांवर गेल्यानंतर ऑगस्टमध्ये तो आकडा प्रसिद्ध करणेच थांबवण्यात आले, यावरूनही दिसते. पुढच्या वर्षाच्या आरंभी तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्यातून विद्यार्थी वगळलेले होते.

चीनच्या श्रमशक्तीची घट हा मात्र मोजणीचा खेळ नाही. 1959 ते 1961 च्या भीषण दुष्काळानंतर तेथे जन्मांची लाट आली आणि एकट्या 1963 साली जवळजवळ 3 कोटी मुले जन्मली. 1970 च्या दशकात जननदर झपाट्याने उतरला, 1980 च्या सुमारास एक मूल धोरण आले आणि ते 2016 पर्यंत चालले. 1963 साली जन्मलेले पुरुष 2023 साली साठ वर्षांचे झाले, आणि त्या वर्षी सोळा वर्षांची होऊन श्रमशक्तीत शिरू शकणारी 2007 ची पिढी जन्मतःच सुमारे 1 कोटी 60 लाखांची होती. दारातून बाहेर पडणारे आणि आत येणारे यांतील ही तफावत पुढेही राहणार आहे, कारण 2023 सालचे जन्म 90 लाखांच्या आसपासच होते. पुरुषांसाठी 60, कारखान्यातील स्त्रियांसाठी 50 आणि कार्यालयीन स्त्रियांसाठी 55 ही 1950 च्या दशकातील निवृत्तीची वये सरकारला अखेर बदलावी लागली. 1 जानेवारी 2025 पासून 15 वर्षांत ती टप्प्याटप्प्याने 63, 55 आणि 58 वर नेली जात आहेत. त्यामुळे घट मंदावेल, थांबणार नाही.

भारतात याच काळात उलट प्रवाह दिसतो, पण त्याचा अर्थ लावणे कठीण आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार 15 वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग दर 2004-05 साली शेकडा 43 च्या आसपास होता. तो 2011-12 साली 31 वर आणि नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या पहिल्याच, म्हणजे 2017-18 च्या, फेरीत 23.3 वर उतरला. त्यानंतर दरवर्षी चढत जाऊन तो 2023-24 साली 41.7 झाला. सहा वर्षांत एवढी वाढ म्हणजे कोट्यवधी स्त्रियांची भर, आणि तिच्यातील फार मोठा वाटा ग्रामीण भागाचा आहे. याच काळात एकूण कामकऱ्यांतील स्वयंरोजगारितांचे प्रमाण 52.2 टक्क्यांवरून 58.4 टक्क्यांवर गेले आणि शेतीतील वाटाही घटण्याऐवजी वाढून 46 टक्क्यांवर पोचला. स्त्रियांच्या बाबतीत तर घरच्या शेतीत किंवा धंद्यात विनामोबदला मदत करणाऱ्यांची संख्या विशेष वाढली. याला सबलीकरण म्हणणारे, उत्पन्न घटल्यामुळे आलेली ओढगस्त म्हणणारे आणि प्रगणक आता अधिक खोदून विचारू लागले एवढेच म्हणणारे, अशा तिन्ही मतांना आकडेवारीत आधार सापडतो. पहिल्या मताचा आधार त्यांत सर्वांत दुबळा आहे, कारण नव्याने मोजल्या गेलेल्या कामाला वेतन नाही. दुसरीकडे, घरच्या वापरासाठी सरपण आणि चारा गोळा करणे, गोवऱ्या थापणे, धान्य कांडणे ही कामे करणारी स्त्री आजही भारतीय व्याख्येनुसार श्रमशक्तीबाहेरच राहते, म्हणून चढलेल्या दरातही तिच्या कामाचे पुरते माप येत नाही.

या व्याख्यांच्या गुंत्यातून एक ठाम विधान मात्र करता येते, ते शेतीबद्दल. 1978 साली चीनमधील कामकऱ्यांपैकी शेकडा 70 शेतीत होते आणि 2023 साली शेकडा 23 च्या आत उरले, म्हणजे सुमारे 17 कोटी. भारतात हे प्रमाण शेकडा 46 असल्याने शेतीतील माणसांची संख्या कोणत्याही व्याख्येने 25 कोटींच्या खाली येत नाही. एकूण श्रमशक्तीत चीन अद्याप मोठा असला, तरी शेतीतल्या श्रमशक्तीत भारत केव्हाच पुढे गेला आहे, आणि शेतीबाहेरच्या कामकऱ्यांची तुलना केली तर चीनचे आधिक्य अधिकच ठळक होते.

एकूण आकड्यांच्या शर्यतीत भारत चीनला कधी गाठेल, या प्रश्नाचे उत्तर कोणता आकडा घेतला जातो त्यावर आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या उत्पादकताविषयक माहितीसंग्रहात 2023-24 साली भारतात 64 कोटी 33 लाख लोक काम करीत असल्याचा तात्पुरता अंदाज दिला आहे, तर चीनच्या सांख्यिकी विभागाने 2023 अखेर 74 कोटी 4 लाख कामकरी असल्याचे सांगितले आहे. हे दोन आकडे शेजारी मांडले तर अंतर 19 कोटींवरून 10 कोटींच्या आत येते. भारतातील सर्वेक्षणे मुळात दर सांगतात, माणसे नव्हे. दरावरून माणसांच्या संख्येवर येण्यासाठी लोकसंख्येच्या अंदाजाने गुणावे लागते, आणि भारताची शेवटची जनगणना 2011 ची असल्याने तो गुणक दशकाहून अधिक काळ पुढे ढकलत नेलेला आहे. चीनमध्ये 2020 च्या जनगणनेनंतर नेमका हाच गुणक बदलला, तेव्हा 2019 साठी आधी सांगितलेले 77 कोटी 47 लाख कामकरी 75 कोटी 45 लाखांवर आले आणि संख्येचा कळस 2017 साली नव्हे तर 2014 सालीच गाठला गेला होता, असे मागाहून ठरले. भारतात 1 मार्च 2027 या संदर्भदिनांकाच्या जनगणनेचे आकडे हाती आल्यावर मागील पंधरा वर्षांच्या मालिकेची अशीच फेरमांडणी करावी लागेल.